नाटक लिहायला कुठे शिकायचं?

दर जूनमध्ये बारावी झालेली दोन-तीन मुलं-मुली माझ्याकडे येतात. 'बाई, नाटक-सिनेमा लिहायचंय, कुठे ॲडमिशन घेऊ?' मी सोलापुरात शाळेत मराठी शिकवते, राज्य नाट्य स्पर्धेसाठी संहिता लिहिते. मी त्यांना उलट विचारते, 'तिथे तुझं लिहिलेलं मोठ्यानं कोण वाचणार?'

कारण मी स्वतः नाव बघून एक कोर्स केला होता. वह्या तपासल्या, मार्क मिळाले, पण एकही प्रवेश कुणा नटाच्या तोंडी गेला नाही. इथे परतल्यावर एका तालमीत माझं चार ओळींचं वाक्य म्हणताना नटाचा श्वास मध्येच संपला. वाक्य दोन ठिकाणी तोडलं, तेव्हा ते उभं राहिलं.

म्हणून सिलॅबस नीट वाचा. नाट्यशास्त्राच्या पदवीत लेखन बहुधा थोडंच असतं. बाकी अभिनय, दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाश. त्याला घाबरू नका. नेपथ्य हलवायला किती माणसं लागतात हे ज्यानं पाहिलंय, तो दर दोन पानांनी घर बदलत नाही. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्स अकादमी (ही पदवीनंतर), संभाजीनगरचा नाट्यशास्त्र विभाग, हे सगळं बघा. दिल्लीच्या एनएसडीला, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला, पदवी आणि किमान सहा नाटकांतला सहभाग लागतो, तेव्हा इथे बीए करतानाच एकांकिका सोडू नका; बॅकस्टेजचं कामही करा.

पटकथेचं वेगळं. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये, म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, पटकथालेखनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, पण पदवीनंतर, प्रवेश परीक्षा देऊन. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. कुठेही गेलात तरी विचारा, दिग्दर्शनाची मुलं लेखनाच्या मुलांच्या पटकथा करतात का?

आणि भाषेचं विचाराच. आपल्याकडे सोलापुरात घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी. माझ्या एका विद्यार्थिनीनं विड्या वळणाऱ्या मावशीचे संवाद लिहिले, अर्धे तेलुगू वळणाचे. एका ठिकाणी मुलाखतीत तिला ते 'शुद्ध' करून आणायला सांगितलं. मी म्हटलं, तिथे जाऊ नकोस. ती मावशी पुस्तकी मराठी बोलायला लागली की शहराच्या पूर्वभागातल्या तेलुगू वस्तीतलं ते घरच नाटकातून निघून जातं. शिक्षकांनी रचना सुधारावी, पात्र सैल असेल तर खरडपट्टी काढावी. बोली मात्र पुसू नये.

प्रत्यक्ष जाऊन या. पुण्याला जायला सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडा, संध्याकाळी तिनंच परत. ॲडमिशनच्या गर्दीत नको, तालमी चालू असताना जा. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना चहाला बसवून विचारा, गेल्या वर्षी कुणाची संहिता रंगमंचावर आली, किती वेळा पुन्हा लिहिली? आपली दहा पानं सोबत न्या, त्यांच्यातल्या कुणाला तरी मोठ्यानं वाचायला द्या आणि ते कुठे अडखळतात तिथे पेन्सिलीनं खूण करा. माझ्या त्या विद्यार्थिनीनं तसं केलं. परतीच्या गाडीत कुर्डुवाडी येईपर्यंत तिनं दुसरा प्रवेश नव्यानं लिहून काढला होता.