हा स्टार्टर ठेवायचा की सोडायचा? बेसबॉल अ‍ॅनालिटिक्समध्ये येऊ पाहणाऱ्यांसाठी

अमेरिकेत संख्याशास्त्र किंवा डेटा सायन्स शिकत असलेली आणि बेसबॉलमध्ये नोकरी शोधणारी मराठी मुलंमुली मला अधूनमधून विचारतात, आर शिकू की पायथन? प्रोग्रामिंगच्या या दोन भाषांपैकी एक नीट येत असेल तर पुरे. मुलाखतीत कस लागतो तो एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नावर. हा स्टार्टिंग पिचर, म्हणजे सामन्याच्या सुरुवातीपासून चेंडू टाकणारा खेळाडू, धड चांगला नाही, धड वाईटही नाही. पुढच्या मोसमात ठेवायचा का? माझ्या वाट्याला हाच प्रश्न आला होता आणि आता मी तो नव्या उमेदवारांना विचारते.

बहुतेक जण ईआरए बघून निकाल लावतात. दर नऊ इनिंगमागे पिचरच्या नावावर लागलेले रन म्हणजे ईआरए. तो ४.७० दिसला की ‘सोडा’. पण त्यात फिल्डरांचा आणि नशिबाचा वाटा मोठा असतो. मैदानात पडलेल्या चेंडूवर हिट मिळेल की आउट, यावर पिचरचा ताबा आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच कमी असतो, हे व्होरोस मॅक्रॅकन यांनी २००१ साली मांडलं. तेव्हापासून पिचरच्या हातातल्या गोष्टी वेगळ्या काढून मोजायची पद्धत रुळली. एफआयपी (फिल्डिंग इंडिपेंडंट पिचिंग) हा त्यातला रोजच्या वापरातला आकडा. एकदा तरी तो कागदावर मांडा. समजा १५० इनिंग, २० होम रन, वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस) आणि अंगाला लागलेले चेंडू मिळून ५०, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर आउट) १३०. होम रन गुणिले १३, वॉक गुणिले ३, मिळून ४१०. त्यातून स्ट्राइकआउटची दुप्पट, २६०, वजा केली की उरतात १५०. भागिले इनिंग, म्हणजे १. त्यात त्या वर्षाचा स्थिरांक मिळवायचा, तो साधारण ३.१ असतो. उत्तर ४.१. ईआरए ४.७० असलेला हाच माणूस पुढच्या वर्षी बरा दिसण्याची शक्यता चांगलीच आहे.

इथपर्यंत पुष्कळ जण पोचतात. पुढचा प्रश्न मात्र क्वचितच कुणी विचारतं: त्याला सोडलं, तर त्या १५० इनिंग टाकणार कोण?

मोसमात १६२ सामने असतात, म्हणजे सुमारे १,४५० इनिंग. त्या कुणीतरी टाकायलाच लागतात. तुमच्या ट्रिपल-ए संघात (मेजर लीगच्या लगेच खालच्या पातळीवर) जो पोरगा तयार आहे त्याच्याकडून ५.५०ची अपेक्षा असेल आणि या मध्यम पिचरकडून ४.५०ची, तर १५० इनिंगमध्ये फरक पडतो जवळपास १७ रनांचा. दहा रनांना एक विजय असा ढोबळ हिशेब आहे, म्हणजे दीड-पावणेदोन विजय. ८७ विजयांच्या आसपास असलेल्या संघाला त्यावर प्लेऑफ मिळू किंवा हुकू शकतं. ६५ विजयांच्या संघाने ते पैसे आणि त्या इनिंग तरुण मुलांना द्याव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. पिचर तोच, पण दोन संघांसाठी उत्तरं दोन. उमेदवाराने ‘कुठल्या संघासाठी?’ असं उलट विचारलं की मला फार बरं वाटतं.

नुसत्या इनिंगलाही किंमत असते. २०२३ साली मेजर लीगच्या दोन्ही लीग मिळून फक्त पाच पिचरांनी २०० इनिंग गाठल्या. त्यात सेंट लुइस कार्डिनल्सचा माइल्स मायकोलस होता, ईआरए ४.७८. पुढच्या दोन वर्षांचा करार तो मोसम सुरू होण्याआधीच झालेला होता. २०२४ मध्ये त्याचा ईआरए ५.३५ वर गेला. पस्तिशीचा, स्ट्राइकआउट कमी घेणारा पिचर बराचसा फिल्डरांवर अवलंबून असतो. अशाला एका वर्षाचाच करार द्यावा.

याच्या उलट चार्ली मॉर्टन. हे उदाहरण मी प्रत्येकाला मुळातून अभ्यासायला सांगते. २०१६च्या एप्रिलमध्ये फिलाडेल्फिया फिलीजकडून खेळताना, बंट करून (चेंडूला नुसती बॅट लावून) पहिल्या बेसकडे धावताना त्याचा हॅमस्ट्रिंग फाटला. त्या मोसमात फक्त चार सामने. वय तिशीपार, कारकिर्दीचा ईआरए साडेचारच्या आसपास. मोसम संपल्यावर फिलीजनी त्याच्या करारातला पुढच्या वर्षाचा पर्याय वापरला नाही. पण त्या चार सामन्यांत त्याच्या फास्टबॉलचा वेग आदल्या वर्षीपेक्षा ताशी दोनेक मैलांनी वाढलेला होता, आणि त्याच्या कर्व्हबॉलची फिरकी मुळातच फार मोठी. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजनी त्याला दोन वर्षांसाठी १ कोटी ४० लाख डॉलर दिले. सिंकरवरचा (खाली बुडणाऱ्या फास्टबॉलवरचा) भर कमी करून त्यांनी त्याला कर्व्हबॉल आणि सरळ जाणारे फोर-सीम फास्टबॉल जास्त टाकायला लावले. २०१७ मध्ये १४ विजय, ७ पराभव, ईआरए ३.६२. त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यातल्या शेवटच्या चार इनिंग त्यानेच टाकल्या आणि विजयही त्याच्याच नावावर लागला. चार सामन्यांचा ईआरए काहीच सांगत नाही. वेग मात्र चार सामन्यांतही बरंच सांगून जातो. २०१५ पासूनचा असा डेटा बेसबॉल सॅव्हंट या संकेतस्थळावर फुकट मिळतो, तिथे रोज बसा.

तिसरी वाटही असते. वेड डेव्हिस २०१३ मध्ये कॅन्सस सिटी रॉयल्सचा स्टार्टर होता, त्याचा ईआरए पाचच्या वर. पुढच्या वर्षी त्याला बुलपेनमध्ये, म्हणजे सामन्यात मागाहून येणाऱ्या पिचरांत, हलवलं आणि ७२ इनिंगमध्ये ईआरए आला १.००. तेच बॅटर तिसऱ्यांदा समोर आले की बहुतेक स्टार्टर मार खातात. बॅटरांच्या पहिल्या फेरीतले त्याचे आकडे चांगले असतील, तर त्याची भूमिका बदलायचं सुचवा.

नियम पाठ हवेत. सर्वसाधारणपणे तीन वर्षांच्या सेवेनंतर आर्बिट्रेशन (पगाराचा वाद लवादाकडे नेता येणं), सहा वर्षांनंतर फ्री एजन्सी (कुठल्याही संघाशी करार करायची मोकळीक). मायनर लीगमध्ये (खालच्या पातळीवर) पाठवायचे पर्याय सहसा तीन मोसमांपुरते. ते संपले की वेव्हरवर न टाकता (म्हणजे इतर संघांना त्याला घ्यायची संधी न देता) खाली पाठवता येत नाही. आर्बिट्रेशनमधल्या पिचरला पुढच्या वर्षासाठी ठेवायचं की नाही, हे नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला ठरतं. त्या तारखेला हाती असलेली माहितीच वापरा, नंतरची नको.

उत्तर दोन पानांत बसवा. पहिल्याच ओळीत निर्णय आणि कमाल किंमत लिहा: ‘ठेवा, अमुक डॉलरपर्यंत.’ त्याखाली त्याच्या जागी येऊ शकणाऱ्या दोघा-तिघांची नावं आणि त्यांचे अंदाज. शेवटी, काय दिसलं तर तुम्ही मत बदलाल ते: फास्टबॉलचा वेग किती घसरला तर, किंवा स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये (मोसमाआधीच्या सरावात) कोपर दुखलं तर. आम्ही खोदून विचारतो ते याच शेवटच्या भागावर.