उशाशी किती चुंबकीय क्षेत्र? घरच्या घरी मोजायची रीत

मोबाइलमधलं ‘ईएमएफ’ (विद्युतचुंबकीय क्षेत्र) मोजायचं ॲप आधी बाजूला ठेवा. फोनचा सेन्सर होकायंत्रासाठी असतो. तो मुख्यतः पृथ्वीचं स्थिर क्षेत्र दाखवतो आणि ते सांगली-साताऱ्याकडे सुमारे ४० मायक्रोटेस्ला असतंच. तो आकडा बघून घाबरू नका. घरातल्या विजेचं ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र, म्हणजे गॉसमीटर, घ्या. आकडा मिलीगॉसमध्ये आला तर १० ने भागा, मायक्रोटेस्ला मिळतील.

मीटर एका अक्षाचा असेल तर एकाच जागी तीन दिशांना धरून वाचन घ्या, वर्गांची बेरीज करा, वर्गमूळ काढा. ०.३, ०.४ आणि १.२ आले तर उत्तर १.३. इंडक्शन शेगडी या मीटरने मोजू नका, तिची वारंवारता हजारो हर्ट्झची.

मिक्सर, हेअर ड्रायर यांच्यावर वेळ घालवू नका. अगदी चिकटून त्यांचं क्षेत्र मोठं येतं, पण हातभर अंतरावर झपाट्याने उतरतं आणि वापर काही मिनिटांचा. आयसीएनआयआरपी या किरणोत्सार-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय आयोगाची सामान्य लोकांसाठीची २०१० ची मर्यादा ५० हर्ट्झला २०० मायक्रोटेस्ला आहे. खरा प्रश्न दीर्घकाळाच्या सरासरीचा. ती ०.३ ते ०.४ मायक्रोटेस्लाच्या वर असलेल्या घरांत लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाशी संबंध दिसला, पण क्षेत्रामुळेच तो होतो हे सिद्ध झालं नाही. म्हणून २००२ साली आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था) हे क्षेत्र ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात ठेवलं. तेव्हा मोजायचं ते अंथरुणावर, उशाच्या जागी. भिंतीपलीकडे फ्रिज, इन्व्हर्टर किंवा मीटरबोर्ड आहे का तेही बघा. विटांची भिंत हे क्षेत्र अडवत नाही.

आता अवघड भाग. कधी कधी आकडा कुठल्याच उपकरणाजवळ वाढत नाही, खोलीभर सारखाच राहतो. इथे बहुतेक जण उपकरणं बदलत बसतात, आणि दोष वायरिंगमध्ये असतो. फेज आणि न्यूट्रल शेजारी असले की त्यांची क्षेत्रं एकमेकांना मारतात. जिन्यातल्या टू-वे दिव्याला फेज एका मजल्यावरून, न्यूट्रल दुसऱ्यावरून घेतला, किंवा न्यूट्रल कुठे अर्थिंगला टेकला, की परतीचा करंट भलत्याच वाटेने जातो आणि घरभर मोठा वेढा तयार होतो.

पारख सोपी: लोड चालू ठेवून फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी एकदम क्लॅम्प मीटरमध्ये (वायरीभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा मीटर) घ्यायच्या. शून्याजवळ आलं तर ठीक. अर्धा-एक अँपिअर दिसला तर तेवढा करंट दुसरीकडून परततोय. बोर्ड उघडायचं हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. ‘अर्थिंगच काढून टाकू’ असं कुणी सुचवलं तर त्याला बोर्डाला हात लावू देऊ नका. आकडा उतरेल, पण शॉकपासूनचं संरक्षण जाईल.

फोनला चिकटवायच्या चकत्या, भिंतीला ॲल्युमिनियम फॉइल: पैसे वाया. ५० हर्ट्झचं क्षेत्र फॉइलमधून तसंच पार जातं. पलंग मीटरभर सरकवा आणि पुन्हा मोजा. एक वाचन रात्री शेजारचे एसी चालू असताना, एक लाइट आल्यावर इन्व्हर्टर चार्जिंगला लागला की.