हापूस थेट ग्राहकाला: व्हॉट्सॲप-इन्स्टाग्रामवर विकताना

पेटी दलालाकडे गेली की भाव तो सांगेल तो. फोनवरून थेट विकली तर भाव बागायतदार ठरवतो, आणि यंदाचं गिऱ्हाईक पुढच्या वर्षी स्वतःहून विचारतं. सोशल मीडियाचा खरा फायदा हाच. पण त्याच फोनवर पैसे भरल्याचे खोटे स्क्रीनशॉट येतात, आणि झाडावर नसलेल्या आंब्याचं बुकिंगही होऊन बसतं. हे दुसरं जास्त महागात पडतं.

मोहोर आला की व्हिडिओ जरूर टाका, पैसे मात्र घेऊ नका. तुडतुडे, अवकाळी पाऊस, फळगळ हे सगळं अजून व्हायचं असतं. फळ सुपारीएवढं होऊन टिकलं की पेट्यांचा अंदाज बांधा आणि त्याच्या निम्म्याच आगाऊ विका. तारीखही ‘१५ एप्रिल’ अशी न देता ‘एप्रिलचा दुसरा पंधरवडा’ अशी द्या.

व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक आकाराची वेगळी नोंद करा: ‘२५० ते ३०० ग्रॅमचं फळ, १ डझन, कच्चं, कुरिअर वेगळं’. नुसतं ‘मोठा आंबा’ लिहिलं की भांडण ठरलेलं. चॅटला ‘चौकशी’, ‘पैसे आले’, ‘पाठवली’, ‘तक्रार’ अशी लेबलं लावा. ग्रुप काढू नका. त्यात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, आणि एकाची तक्रार पन्नास जण वाचतात. त्याऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट करा, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगळा जातो. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून पहिल्या ऑर्डरलाच ‘नंबर सेव्ह करा’ असं सांगायचं. अनोळखी नंबरांवर सरसकट मेसेज टाकले तर लोक रिपोर्ट करतात आणि ऐन हंगामात खातं बंद पडतं.

इन्स्टाग्रामच्या बिझनेस खात्यावर सिनेमाची गाणी बहुतेक मिळत नाहीत. बाहेरून जोडली तर आवाज बंद केला जाऊ शकतो. झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) आंबा देठासकट उतरवताना, आढीत (आंबे पिकायला रचतात तिथे) पेंढा पसरताना तुमच्याच आवाजात बोला. फोटोत नाव छापलेली पेटी दिसू द्या, म्हणजे फोटो चोरणाऱ्याला ते नाव पुसत बसावं लागेल. पैसे ज्या नावाच्या खात्यात येतात ते नाव पोस्टमध्ये लिहून ती वर पिन करा. बनावट पेजवर ॲडव्हान्स भरणारा ग्राहक निदान तिथे थबकतो.

पैशाचं: स्क्रीनशॉट आणि एसएमएस, दोन्ही बनावट असू शकतात. बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसल्याशिवाय पेटी हलवू नका. ‘लष्करी छावणीत ५० पेट्या हव्यात, पैसे मिळवायला हा क्यूआर स्कॅन करा’ असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे घ्यायला स्कॅनही लागत नाही आणि पिनही. व्हॉट्सॲपवर टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा ६ अंकी पिन आजच लावा. ‘ऑर्डर लिस्ट’ म्हणून आलेली एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी) उघडू नका. फसलात तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

तक्रारीचं मूळ बहुधा साका. बाहेरून फळ देखणं, कापलं की आत पांढरट आणि आंबट. चौदा आणे (सोळा आणे म्हणजे पूर्ण) तयार झाल्यावर काढलं आणि काढल्यावर उन्हात ठेवलं नाही तर साका कमी होतो, पण पूर्ण टळत नाही. म्हणून विकण्याआधीच नियम लिहून टाका: कापलेल्या फळाचा फोटो ३ दिवसांत पाठवा, तेवढी फळं बदलून देऊ. कमेंट आली तर पुसू नका. तिथेच ‘फोटो पाठवा, बदलून देतो’ लिहा, पुढचं बोलणं चॅटवर करा, आणि फळं पोचली की त्याच कमेंटखाली तसं कळवा. बाकीचे वाचणारे हे बघत असतात.

‘देवगड’ किंवा ‘रत्नागिरी’ हापूस लिहिताना जपा. कोकणच्या हापूसला २०१८ पासून भौगोलिक मानांकन (जीआय) आहे, म्हणजे ते नाव त्या भागातल्याच आंब्याला लावायचं. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्या, आणि बाहेरचा आंबा त्याच पेटीत मिसळू नका.

जूनमध्ये नंबर, गाव, आकार आणि तक्रार असं सगळं वहीत उतरवा. पेज बंद पडलं तरी पुढच्या मार्चमध्ये फोन कुणाला करायचा ते त्या वहीत असेल.