पाळणाघराचं अनुदान मिळतंय? आधी हे विचारा
पाळणाघरासाठी अनुदान मिळणार म्हटलं की आपण खूश होतो, पण बऱ्याच योजनांमध्ये ते पूर्ण फीवर नसतं, सरकारने ठरवलेल्या दरावर असतं, म्हणजे पाळणाघराची फी त्याहून जास्त असली तर वरचा फरक आपल्याच खिशातून आणि आपला ठरलेला हिस्सा वेगळाच. म्हणून अ‍ॅडमिशनआधी सरळ विचारा, "अनुदान वजा करून मला महिन्याला नक्की किती भरायचेत?" आणि उत्तर लेखी घ्या. रजिस्ट्रेशन, डिपॉझिट, मुलाला न्यायला उशीर झाला की लागणारा दंड, हे बहुतेकदा अनुदानात धरतच नाहीत. (संध्याकाळची बस चुकली की तो दंड कसा चढतो ते नोकरीवाल्या आईला विचारा!)

पगाराच्या स्लिपा, कामाच्या वेळेचं पत्र, जन्मदाखला यांची फाईल तयारच ठेवा. वेटिंग लिस्ट असली तरी नाव आजच घाला. आणि हो, ओव्हरटाइममुळे एखाद्या महिन्यात पगार जास्त दिसत असेल तर तसं मालकाकडून लिहून घ्या, नाहीतर तोच महिना बघून तुम्हाला उत्पन्नाच्या मर्यादेबाहेर काढू शकतात. मंजूर झालं की रिन्यूअलच्या महिनाभर आधीचा अलार्म मोबाईलमध्ये लावून टाका.