एलईडी वॉलवरचं चित्र आवाजाच्या मागे पडतंय? या चुका टाळा

गायिका मंचावर गातेय आणि बाजूच्या एलईडी वॉलवर तिचे ओठ अक्षरभर मागे हलतायत, अशी तक्रार आली की ऑपरेटर पहिल्यांदा ओबीएसच्या (लॅपटॉपवर चित्रं मिसळून स्ट्रीम करणारं सॉफ्टवेअर) आउटपुट सेटिंगमध्ये शिरतो. बिटरेट कमी कर, एन्कोडर (स्ट्रीमसाठी चित्र दाबणारा भाग) बदल, यूट्यूबवर ‘अल्ट्रा लो लेटन्सी’ लाव. हॉलमधल्या वॉलला याचा काडीचा उपयोग नाही. त्या सेटिंग घरी बसून बघणाऱ्यांसाठी आहेत. वॉलकडे जाणारं चित्र एन्कोडरमधून जातच नाही. एन्कोडरने ग्राफिक्स कार्ड दमवलं असेल तर गोष्ट वेगळी. ते ओबीएसच्या ‘स्टॅट्स’ पॅनेलमध्ये दिसतं: रेंडरिंग लॅगचा (चित्र रचायला होणाऱ्या उशिराचा) आकडा चढत असेल तर जड सोर्स (ओबीएसमध्ये जोडलेली चित्रं) आणि ब्राउझर बंद करा.

न मोजता सेटिंग बदलणं

एकाला कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवायला सांगा. टाळी आणि वॉल दोन्ही एका चौकटीत येतील असा फोन धरून सेकंदाला 240 फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये शूट करा. खरी टाळी आणि वॉलवरची टाळी यांच्यामधल्या फ्रेम मोजा. एक फ्रेम म्हणजे साधारण 4 मिलिसेकंद. 40 फ्रेमचं अंतर निघालं तर चित्र सुमारे 165 मिलिसेकंद उशिरा येतंय. दर बदलानंतर पुन्हा मोजा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

ऑपरेटरचं टेबल हॉलच्या मागे असतं, तिथेच फसगत होते. आवाजाला मीटरमागे सुमारे 3 मिलिसेकंद लागतात. मंचाजवळच्या स्पीकरपासून 20 मीटरवर बसलात तर आवाजच तुमच्यापर्यंत जवळपास 60 मिलिसेकंद उशिरा येतो आणि चित्राचा उशीर झाकला जातो. पुढच्या रांगेत जाऊन बघा. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीटी 1359 शिफारशीनुसार आवाज चित्राच्या 125 मिलिसेकंद मागे पडेपर्यंत माणसाला कळत नाही. पण आवाज पुढे असेल तर 45 मिलिसेकंदांतच खटकतो. हॉलमध्ये नेमका हा दुसरा प्रकार असतो.

प्रत्येक ठिकाणी वेगळा फ्रेम रेट

कॅमेरा सेकंदाला 25 फ्रेमवर, ओबीएस न बदलता ठेवलेल्या 30वर, लॅपटॉपचं आउटपुट 60वर. अशा प्रत्येक सांध्यावर चित्र पुढच्या फ्रेमची वाट बघत थांबतं. 25 फ्रेमवर एक फ्रेम म्हणजे 40 मिलिसेकंद, 50वर 20. कॅमेरा, कॅप्चर कार्ड (कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारं), ओबीएस, एलईडी प्रोसेसर (वॉलला चित्र पुरवणारं यंत्र), जो तो एखाददुसरी फ्रेम धरून ठेवतो, त्यामुळे एकच गुन्हेगार शोधत बसू नका. कॅमेरा 1080पी50, ओबीएसमध्ये ‘50 पाल’, डिस्प्ले आउटपुट 50 हर्ट्झ असं सगळं एका सुरात आणलं की बऱ्याच टप्प्यांवरचा उशीर निम्म्यावर येतो. 1080आय (एकाआड एक ओळींचं चित्र) टाळा, त्या ओळी जोडण्याचा, म्हणजे डीइंटरलेसिंगचा, वेळ उगाच वाढतो.

स्वस्त कॅप्चर स्टिक आणि बफरिंग

1080पी50चं कच्चं चित्र सेकंदाला दीड गिगाबिटच्या वर जातं, यूएसबी 2.0ची कमाल 480 मेगाबिट. म्हणून स्वस्त स्टिक चित्र एमजेपीईजी या फॉरमॅटमध्ये दाबते आणि लॅपटॉप ते पुन्हा उलगडतो. यूएसबी 3चं कार्ड घ्या आणि हब न वापरता थेट पोर्टमध्ये लावा. मग ओबीएसमध्ये त्या सोर्सच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘बफरिंग’ (फ्रेम साठवून मग दाखवणं) डिसेबल करा. फुकटात मिळणारा हा सगळ्यात चांगला फायदा. क्वचित एखादी फ्रेम अडखळेल, तेवढं चालतं. आधीच्या कार्यक्रमात लावलेला ‘व्हिडिओ डिले’ फिल्टर सोर्सवर तसाच राहिलाय का, तेही पाहा. वायफायवरून आणलेला फोन कॅमेरा वॉलवर नकोच.

वॉलचं चित्र कॉम्प्युटरमधून नेणं

माझ्या मते मुळातली चूक ही. स्विचरचं (कॅमेरे बदलणारं यंत्र) एचडीएमआय किंवा एसडीआय आउटपुट थेट एलईडी प्रोसेसरला द्या. लॅपटॉपमधून टायटल स्विचरच्या एका इनपुटला जाऊ द्या आणि स्ट्रीमसाठी तयार चित्राची प्रत लॅपटॉपला घ्या. स्विचरचं यूएसबी वेबकॅम आउटपुट स्ट्रीमसाठी ठीक, वॉलसाठी नाही. उरलेला उशीर कॅमेऱ्याचा आणि प्रोसेसरचा: कॅमेऱ्याचं डिजिटल स्टॅबिलायझेशन बंद करा, प्रोसेसरमध्ये लो लेटन्सी मोड असेल तर लावा, बाजूला टीव्ही असेल तर गेम मोड.

तरी थोडा फरक उरतोच. तो मिटवायला हॉलचा आवाज उशिरा सोडू नका. गायकाला स्वतःचाच आवाज मागून ऐकू येईल आणि ताल सुटेल. ओबीएसमधला ‘सिंक ऑफसेट’ (आवाज मागेपुढे सरकवणं) फक्त स्ट्रीमच्या आवाजाला. वॉलवर ओठांच्या अगदी जवळच्या शॉटऐवजी कमरेपासूनचा शॉट ठेवा, आणि तबलजीच्या बोटांचा क्लोजअप स्ट्रीमपुरता राखून ठेवा.