कसबा ते मंडई: पुण्याच्या पेठा पायी कशा बघाव्यात

आमचे अण्णा सिटी पोस्टात पोस्टमन होते. रविवारी सुट्टी असली तरी त्यांचे पाय घरात राहायचे नाहीत. मला सोबत घेऊन ते आपल्याच बिटातून पुन्हा एक फेरी मारायचे. पिशवी नाही, घाई नाही, नुसतं बघत. पुढे मी इतिहासाची शिक्षिका झाले आणि बाहेरगावचे पाहुणे, भाचरं, माजी विद्यार्थिनी अशा कितीतरी जणांना त्याच वाटांनी फिरवलं. "पुण्यात दोन दिवस आहे, काय बघू?" असं कुणी विचारलं की मी जे सांगते, ते इथे लिहिते आहे.

बहुतेक लोक शनिवारवाड्यापासून सुरुवात करतात आणि अर्ध्या तासात "आत तर काहीच नाही" म्हणत बाहेर पडतात. चूक वाड्याची नाही, क्रमाची आहे. हे शहर नदीकाठच्या कसब्यातून वाढत दक्षिणेकडे गेलं. तुम्हीही तसेच चाला, म्हणजे एक जागा पुढच्या जागेचा अर्थ सांगते.

आधी तयारीचं सांगते. गाडी आणू नका. मेट्रोने कसबा पेठ स्थानकावर उतरा आणि फेरी संपली की मंडई स्थानकावरून परत जा. ही दोन्ही भुयारी स्थानकं 2024 च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाली आणि पायी फिरणाऱ्यांची मोठी सोय झाली. मेट्रोमार्गावर एकापुढे एक असलेल्या या दोन स्थानकांमधलं अंतर चालायला आपल्याला पाच तास लागतील, तेवढे हाताशी ठेवा. सकाळी सातला निघा. चपला पटकन काढता-घालता येतील अशा हव्यात, कारण देवळं बरीच आहेत. पाण्याची बाटली घ्या. एकदा मी माझ्या मावशीला मे महिन्यात दुपारी बाराला घेऊन निघाले होते. देवळाच्या दगडी अंगणात अनवाणी उभं राहवेना, आणि तिला भोवळ आली. तेव्हापासून मार्च ते मे मी दहाच्या आत दगडातली ठिकाणं उरकते आणि सावलीतली शेवटी ठेवते.

पहिलं दर्शन कसबा गणपतीचं. हे पुण्याचं ग्रामदैवत आणि विसर्जन मिरवणुकीतला मानाचा पहिला. आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणं जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला होता. त्या उजाड गावात जिजाबाई बाळ शिवाजीला घेऊन आल्या, सोन्याचा नांगर फिरवून गाव पुन्हा वसवलं आणि हे देऊळ बांधवलं, असं परंपरा सांगते. गाभारा दगडी आणि पुढचा सभामंडप लाकडी. मंडपात दहा मिनिटं टेका. इथे पर्यटक कमी आणि रोजचे लोक जास्त असतात. ऑफिसला निघालेला माणूस हेल्मेट काखेत धरून हात जोडतो आणि जातो.

तिथून तांबट आळीला जा. वाट विचारताना नकाशातलं नाव सांगत बसू नका, सरळ "तांबट आळी कुठं?" म्हणा. जवळ आलात की कान रस्ता दाखवतात. ठण ठण ठण, एका लयीत. त्वष्टा कासार समाजातल्या कारागिरांची ही पिढीजात वस्ती. घंगाळ, हंडा, बंब, परात ही त्यांची कामं. जमिनीत रोवलेल्या लोखंडी दांड्यावर भांडं उपडं धरून कारागीर त्यावर हातोडीचे ठोके देतो. प्रत्येक ठोक्यासरशी एक वाटोळा खळगा उमटतो आणि डावा हात भांडं नखभर पुढे सरकवतो. ओळ पूर्ण झाली की दुसरी ओळ पहिलीला घासून सुरू. याला मठारकाम म्हणतात. ते नुसतं शोभेला नाही. ठोक्यांनी तांबं घट्ट होतं, भांडं कणखर बनतं. अण्णांनी मला इथे एका घंगाळावर हात फिरवायला लावला होता आणि म्हणाले होते, "एक तरी ठोका चुकलेला सापडतो का बघ." मला सापडला नव्हता. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा, आणि विचारताना ठोका मध्येच तोडू नका. ओळ संपू द्या.

आता पूर्वेला नागझरी ओलांडायची. आज तिला नाला म्हणतात, पण कसब्याची पूर्वेची हद्द हीच होती. पलीकडे सोमवार पेठ. तिथे कमला नेहरू रुग्णालयाच्या आसपास त्रिशुंड गणपती विचारा. या एका देवळासाठी मी पूर्ण तास राखून ठेवते, कारण पुण्यातलं सगळ्यात मोलाचं दगडी कोरीवकाम इथे आहे आणि पुण्यातल्याच निम्म्या लोकांनी ते पाहिलेलं नाही.

भीमगिरजी गोसावी यांनी 1754 साली हे बांधायला घेतलं आणि 1770 मध्ये मूर्तीची स्थापना झाली. पुण्यातली पेशवेकालीन देवळं बहुतेक विटा, चुना आणि लाकडाची. हे मात्र काळ्या दगडातलं, आणि दर्शनी भिंत तर इंच न इंच कोरलेली. आत जाण्याची घाई करू नका. द्वारपाल बघा, हत्ती बघा, मोर बघा आणि मग तो गेंडा शोधा. साखळीने जखडलेला गेंडा आणि त्याला बांधणारे बंदूकधारी गोरे शिपाई. जखडलेला गेंडा म्हणजे बंगाल, असं मानून अनेक अभ्यासक त्याचा संबंध प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांनी बंगाल ताब्यात घेतला त्याच्याशी लावतात. मी वर्गात प्लासी शिकवायची तेव्हा 1757 हा आकडा मुलींच्या लक्षात राहायचा नाही. इथे आणून गेंडा दाखवला की राहायचा.

आतली मूर्ती मोरावर बसलेली, एक मुख आणि तीन सोंडा. एक सोंड मोदकाला लागलेली, मधली पोटावर टेकलेली आणि तिसरी शेजारच्या सिद्धीच्या हनुवटीला. गाभाऱ्यात संस्कृत आणि फारसी असे दोन्ही भाषांतले शिलालेख आहेत. एका गोसाव्याने गणपतीच्या देवळात फारसी लेख कोरवला, यावर थोडं थांबून विचार करा. त्या काळाचं पुणं कसं होतं ते त्यातून कळतं. खाली तळघर आहे, ते एरवी बंद असतं आणि गुरुपौर्णिमेला उघडतात. तेव्हा पुण्यात असाल तर जरूर या. जवळच नागेश्वराचं जुनं देऊळ आहे, तिथेही डोकावून घ्या.

परत फिरून लाल महाल. आज दिसतो तो महाल 1980 च्या दशकात बांधलेला आहे, हे मी आधीच सांगते, नाहीतर नंतर हिरमोड होतो. पण शिवरायांनी 1663 च्या एप्रिलमध्ये शायिस्ताखानाची बोटं तोडली ती याच परिसरात. मुलं सोबत असतील तर ती गोष्ट इथे उभं राहून सांगा. इमारतीपेक्षा तिच्यात जास्त जीव आहे.

आणि आता शनिवारवाडा. थोरल्या बाजीरावांनी 10 जानेवारी 1730 ला पायाभरणी केली, दोन वर्षांत वाडा उभा राहिला, पुढच्या पेशव्यांनी त्यात भर घातली. 1773 मध्ये नारायणरावांचा खून इथेच झाला. 17 नोव्हेंबर 1817 ला इथे इंग्रजांचं निशाण चढलं आणि 1828 च्या आगीत आतलं सगळं लाकूडकाम जळून गेलं. म्हणून आत जोती आणि तटच उरले आहेत, आणि तेच वाचायला शिकायचं आहे. दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवरचे खिळे बघा. ते हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर आहेत, धडक देणाऱ्या हत्तीसाठी. आत शिरलात की वाट सरळ जात नाही, काटकोनात वळते. शत्रूची धाव तिथे मोडावी म्हणून. नगारखान्यावर चढा आणि उत्तरेकडे तोंड करा: दरवाजाचं नाव दिल्ली का, ते समजेल.

मग खाली येऊन हजारी कारंजाजवळ जा. कमळाच्या पाकळ्यांचं हे कारंजं कोरडं असतं. पण एवढं पाणी यायचं कुठून, हा प्रश्न इथे विचारायला हवा. ते यायचं कात्रजहून. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून जमिनीखालून दगडी नळ शहरात आणला. पंप नव्हते, नुसता उतार होता. वाटेत हवा खेळती राहावी आणि गाळ काढता यावा म्हणून जागोजाग उच्छ्वास बांधले आणि पाणी पेठांतल्या हौदांत सोडलं. फडके हौद, काळा हौद, बदामी हौद, नाना हौद ही नावं तिथूनच आली. तुम्ही सकाळी कसब्यात ज्या फडके हौद चौकातून आलात, त्याचं नाव आता वेगळं ऐकू येईल. माझ्या मते शनिवारवाड्याच्या बुरुजांपेक्षा हा नळ मोठा पराक्रम आहे.

इथून नदी जवळच. पण नदीकाठच्या शनिवार, नारायण पेठांत जुने वाडे इतके थोडे का, याचं मोठं कारण 12 जुलै 1961 चा पानशेतचा पूर आहे. धरण फुटलं आणि मुठेचं पाणी या पेठांत घुसलं. मातीच्या भिंतींचे वाडे बसले. आमचा शनिवार पेठेतला वाडा कसाबसा तगला. तो पुढे 1998 साली पाडला गेला. मला अजूनही त्या बोळातून जाताना मान वर करून बघवत नाही.

शिवाजी रस्त्याने दक्षिणेला निघा. वाहनंही त्याच दिशेने धावतात, तेव्हा रस्ता ओलांडताना पाठीमागे लक्ष ठेवा. उजवी-डावीकडे कुठे जुना वाडा दिसला तर दरवाजा निरखा: मोठ्या दाराच्या एका फळीत बसवलेला छोटा दिंडी दरवाजा, वर गणेशपट्टीवर कोरलेला गणपती, पायांनी झिजून मधे खोलगट झालेला उंबरठा. आत जावंसं वाटलं तर उंबऱ्याबाहेरून हाक मारा, "कुणी आहे का? चौक बघू का?" लोक नाही म्हणत नाहीत. पण न विचारता शिरू नका, तिथे लोकांचे संसार आहेत.

दगडूशेठ गणपतीची रांग मोठी असते. बाहेरून दर्शन होतं ते पुरे. पण त्याच्या समोरच भिडे वाड्याची जागा आहे, तिथे थांबल्याशिवाय जाऊ नका. 1848 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली ती इथे. जुना वाडा 2023 च्या डिसेंबरमध्ये पाडला, त्या जागी स्मारक व्हायचं आहे. मी शिक्षिका झाले त्याचा उगम या जागेत आहे. मी दर वेळी इथे चप्पल काढते.

पुढे तांबडी जोगेश्वरी, मग पासोड्या विठोबा. या देवाभोवती पूर्वी पासोड्या, म्हणजे जाड सुती पांघरुणं विकत, म्हणून हे नाव. पलीकडे जिलब्या मारुती आहे, त्याचंही कारण तेच. सोन्या मारुती, डुल्या मारुती, उपाशी विठोबा, खुन्या मुरलीधर... अण्णांच्या काळी पत्रांवर घरक्रमांकापेक्षा हीच नावं जास्त असायची आणि पत्र बिनचूक पोचायचं. आजही वाट विचारताना हीच वापरा.

लक्ष्मी रस्त्यावर बेलबाग चौक लागला की नाना फडणविसांच्या बेलबागेतल्या विष्णूचं दर्शन घ्या आणि पश्चिमेला बाजीराव रस्त्यापर्यंत जाऊन शनिपारच्या दिशेने वळा. विश्रामबागवाडा समोर येतो. दुसऱ्या बाजीरावांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला. शनिवारवाड्यात जे जळालं ते कसं दिसत असेल, याचं उत्तर इथे आहे. दर्शनी सज्जा आणि सुरूच्या झाडासारखे लाकडी खांब निवांत बघा. 1821 मध्ये इंग्रजांनी इथे संस्कृत पाठशाळा काढली, तिचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं. 1879 मध्ये यालाही आग लागली होती, पण सुदैवाने तो पुन्हा उभा केला गेला.

तुळशीबागेत खरेदीला सगळेच जातात. तुम्ही गल्लीतून आतल्या राममंदिरात जा. नारो अप्पाजी खिरे यांनी 1761 मध्ये बांधायला घेतलेल्या या देवळाचा कळस सुमारे 140 फूट उंच आहे, आणि बाहेरच्या गर्दीत मान खाली घालून बांगड्या निवडणाऱ्याला तो कधी दिसत नाही. मंडपात थंड असतं, पायांना बरं वाटतं. बाहेर पडताना पितळी भातुकली घ्या. नखाएवढी किसणी, बोटभर बंब. सकाळी तांबट आळीत पाहिलेल्या मोठ्या भांड्यांची ही नातवंडं.

शेवटी महात्मा फुले मंडई. 1886 मध्ये उघडलेली, तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तेव्हा रे मार्केट. मधोमध अष्टकोनी मनोरा. त्याच्या खाली उभं राहून वर बघा आणि मग भोवतालचे गाळे बघा. वास्तू बघायला आलात तरी आधी भाजी घ्या, मग विक्रेत्या मावशीच तुम्हाला सगळं दाखवतील. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीरावांनी या मंडईवरच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर लावा, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने मंडईला नाव जोतीरावांचंच दिलं गेलं.

अंगात त्राण असेल तर जवळच राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. नसेल तर ते दुसऱ्या दिवशी ठेवा, थकून बघू नका. दिवे, अडकित्ते, वाद्यं आणि कोथरूडहून आणून उभारलेला मस्तानी महाल, सगळं एका माणसाने अकाली गेलेल्या मुलाच्या आठवणीत जमवलेलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पर्वतीच्या 103 पायऱ्या चढा, काल चाललेलं सगळं वरून दिसेल. मग गंज पेठेतला फुले वाडा, जिथला हौद जोतीरावांनी 1868 मध्ये अस्पृश्यांना खुला केला. संध्याकाळी जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर. आठव्या शतकातलं हे लेणं बघायला शेवटी जा. कसब्याच्याही आधीचं पुणं तिथे रस्त्याच्या पातळीखाली कोरलेलं आहे, आणि संध्याकाळी गोल नंदीमंडपाच्या कट्ट्यावर बसायला सहसा जागा मिळते.