सांगली-मिरजेत गाण्याच्या शास्त्राच्या पेपरसाठी आणि शाळेच्या विषयांसाठी शिकवणी शोधताना

माझी मुलगी आता नववीत आहे, गाणं शिकते, आणि गेल्या वर्षी आम्हाला एकदमच दोन शिकवण्या शोधायला लागल्या, एक गाण्याच्या शास्त्राच्या पेपरसाठी आणि एक गणितासाठी. सांगलीतल्या विश्रामबागपासून मिरजेपर्यंत बऱ्याच जणांना भेटलो, काही पैसे वाया गेले, शेवटी दोन्हीकडे नीट बस्तान बसलं. ओळखीच्या बऱ्याच आया विचारतात की कसं शोधलं, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते.

पहिली गोष्ट म्हणजे तुम्हाला नक्की काय पाहिजे ते आधी ठरवा. "गाण्याची शिकवणी" म्हणून विचारत फिरलात तर सगळे गायला शिकवणाऱ्यांचीच नावं सांगणार. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांमध्ये प्रारंभिक आणि प्रवेशिका प्रथम या पहिल्या दोन परीक्षांना लेखी नसतं, त्यामुळं तोपर्यंत कुणाला काही जाणवत नाही, पोरं छान गातात, पास होतात. प्रवेशिका पूर्णला लेखी पेपर येतो आणि तिथं घरात धावपळ सुरू होते. आमच्या मुलीच्या गुरुजींचा गळा असा आहे की ऐकत बसावं, पण पेपर कसा लिहायचा हे शिकवायला त्यांना ना वेळ होता ना फारसा रस, आणि त्यात त्यांचं काही चुकतंय असं मला अजिबात वाटत नाही. गायला शिकवणं हे एक काम आणि राग, ताल, व्याख्या, लिपी हे कागदावर नीट उतरवायला शिकवणं हे वेगळं काम. दोन्ही एकाच माणसाकडं मिळालं तर नशीबच म्हणायचं, नाहीतर दोन माणसं शोधायची तयारी ठेवा.

मात्र दुसरीकडं शास्त्र शिकायला पाठवायच्या आधी गुरुजींना सांगा, चोरून पाठवू नका. आपल्याकडं गाण्यात हे फार मनाला लावून घेतात आणि सांगली-मिरज म्हणजे काही मुंबई नव्हे, आठ दिवसात त्यांच्या कानावर जातंच. मी घरी जाऊन स्पष्ट सांगितलं की गुरुजी, गाणं तुमच्याकडंच, फक्त पेपरपुरतं दुसरीकडं पाठवू का. ते लगेच हो म्हणाले, वर एक नावही सुचवलं.

आता लिपीचं सांगते, कारण आमचं खरं नुकसान तिथंच झालं. आपल्याकडं स्वरलिपी, म्हणजे गाणं कागदावर लिहायच्या पद्धती, दोन आहेत, एक पं. विष्णु दिगंबर पलुसकरांची आणि एक पं. भातखंडेंची. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक (वरचे सूर) आणि खाली टिंब म्हणजे मंद्र (खालचे सूर). पलुसकर पद्धतीत डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र, आणि तार सप्तकाला वर उभी रेघ. म्हणजे तेच टिंब, त्याच जागी, आणि अर्थ अगदी उलटा! तालाचंही तसंच, भातखंडे पद्धतीत समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) फुली आणि खालीला (जिथं टाळी नसते तिथं) शून्य, पलुसकर पद्धतीत समेला १ आणि खालीला अधिकचं चिन्ह. मुलीला आधी एका क्लासला घातलं होतं, तिथं वहीत एक पद्धत लिहून दिली आणि वाचायला जे गाईड दिलं त्यात दुसरी, पोरीनं दोन्ही पाठ केलं आणि पेपरात अर्धं असं अर्धं तसं लिहून आली. हे कुणी तपासलंच नव्हतं, कारण चौदा पोरं एकदम बसवून डिक्टेशन देत होते. फी वर्षाची आधीच भरलेली, ती काही परत मिळाली नाही.

तर शास्त्राच्या शिक्षकांना पहिला प्रश्न हाच विचारा, की तुम्ही कुठली लिपी शिकवता आणि वही न् पुस्तक एकाच पद्धतीचं आहे का. ज्यांना हे शिकवायची सवय आहे ते लगेच कागद ओढून दोन्ही काढून दाखवतात. जे "तसं काही फरक पडत नाही" म्हणतात तिथनं मी तरी उठून आले.

दुसरा प्रश्न मला मिरजेतल्या एका मॅडमकडं कळला. त्यांना मी काही विचारलंच नव्हतं, त्यांनीच पोरीला विचारलं की भूप आणि देसकार या रागांत फरक काय, स्वर तर तेच आहेत, सा रे ग प ध. पोरगी पाठ केलेलं घडाघडा बोलली, भूपाचा थाट कल्याण वादी गंधार, देसकाराचा थाट बिलावल वादी धैवत (थाट म्हणजे रागाचा गट, वादी म्हणजे रागातला मुख्य स्वर; गंधार म्हणजे ग, धैवत म्हणजे ध). मॅडम म्हणाल्या बरोबर, आता गाऊन दाखव. ती थांबली. मग मॅडमनी स्वतः आधी गंधारावर थांबत भूप गायला, मग धैवतावर थांबत देसकार, आणि म्हणाल्या आता वादी म्हणजे काय ते तुझ्या शब्दात लिही. त्या दिवशी तिनं लिहिलेल्या चार ओळी मी अजून ठेवल्यात. शास्त्र शिकवणारा माणूस असा पाहिजे. नुसती व्याख्या लिहून देणारे भरपूर मिळतात, त्यासाठी गाईड पुरेसं आहे.

आता शोधायचं कुठं. मिरज हाताशी आहे हे आपलं मोठं भाग्य आहे, याचा उपयोग करा. मंडळाचं गांधर्व निकेतन मिरजेतच, ब्राह्मणपुरीत आहे, अभ्यासक्रमाचं पुस्तक आणि परीक्षेची माहिती तिथं प्रत्यक्ष जाऊन विचारता येते, बाकी गावच्या लोकांना हे सुख नाही. दुसरं म्हणजे तंबोरे आणि सतारी बनवणाऱ्यांची दुकानं. तिथं वाद्य जुळवायला, तारा बदलायला गावातले सगळे शिकवणारे येतात, कोण मनापासून शिकवतं, कुणाची पोरं टिकतात हे त्या लोकांना चांगलं माहीत असतं. आम्हाला मॅडमचं नाव तिथंच पक्कं झालं, गुरुजींनी सुचवलेलंच नाव तिथल्या काकांनी आपणहून घेतलं तेव्हा मला खात्री पटली. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या स्मरणार्थ मिरजेच्या दर्ग्यात जी गाण्याची सभा होते तिथं किंवा नवरात्रात मिरजेतल्याच अंबाबाईच्या मंदिरातल्या संगीत महोत्सवाला जा, शेजारी बसलेल्यांशी बोला. निम्मे शिकणारे आणि शिकवणारेच असतात. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात संगीताचा विभाग आहे, तिथं शिकणारी किंवा शिकून आलेली मुलं-मुली आपल्या भागात असतात, शास्त्र त्यांचं ताजं असतं आणि वेळही देतात.

कीबोर्ड, गिटार, पियानोवाल्यांचं जरा वेगळं आहे. तिथं ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या लंडनच्या संस्थांच्या ग्रेड परीक्षा असतात. एबीआरएसएममध्ये सहावी ग्रेड आणि त्यापुढं वाजवायची परीक्षा द्यायची तर आधी पाचव्या ग्रेडची थिअरी किंवा त्यांनी मान्य केलेली त्या तोडीची परीक्षा पास व्हायला लागते, ट्रिनिटीला तशी अट नाही. त्यामुळं पोरगं चौथी-पाचवी ग्रेड वाजवायला लागलं की लगेच थिअरीचा शिक्षक बघायला घ्या. आपल्याकडं स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य लिपी, नीट शिकवणारे कमी आहेत, तिथं ऑनलाईन शिकवणी चालते, थिअरी वहीवरच असते त्यामुळं काही अडत नाही. ताल मात्र ऑनलाईन एकत्र धरता येत नाही, आवाज जरासा उशिरा पोचतो आणि टाळी चुकते. झूमवर असाल तर ओरिजिनल साउंडचं सेटिंग चालू करा, नाहीतर ते तंबोऱ्याचा आवाज गोंगाट समजून दाबून टाकतं.

आता गणित. शाळेतल्याच सरांना घरी शिकवता का विचारायचा मोह होतो, मलाही झाला. पण शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २८ प्रमाणं शाळेतल्या शिक्षकांना खाजगी शिकवणी घेता येत नाही, तर त्यांना अडचणीत टाकू नका, उलट "हिचं नेमकं कुठं अडतंय" हे त्यांना विचारा, ते फुकट सांगतात आणि ती माहिती फार कामाची असते. वालचंद आणि विलिंग्डन दोन्ही कॉलेजं विश्रामबागलाच असल्यामुळं शिकवणारी पोरंपोरी मिळतात, इंजिनिअरिंगच्या मुलांचं गणित पक्कं असतं, फक्त त्यांची सेमिस्टर परीक्षा कधी आहे ते आधीच विचारून ठेवा. आपल्या पोरांच्या सहामाहीच्या वेळी नेमकी त्यांचीही परीक्षा असली की पंधरा दिवस कुणी येत नाही. रिटायर झालेले शिक्षक हा दुसरा चांगला मार्ग, सांगलीच्या गावभागात, खणभागात असे बरेच आहेत, पाटी लावलेली नसते, वाचनालयात विचारलं तर कळतं. माध्यम सांगायला विसरू नका. सेमी-इंग्लिशच्या पोरांना गणित-विज्ञान इंग्लिशमधनं असतं आणि सर मराठीत "चल" आणि "सहगुणक" म्हणायला लागले की पोरं नुसती बघत बसतात.

ट्रायलचा एक तास मागा, आणि पैसे देऊन मागा, फुकट नको. त्या तासाला कोरी वही देऊ नका, चुकांनी भरलेली जुनी वही द्या. हे मला फार उशिरा कळलं. आमची पोरगी दोन समीकरणांची वजाबाकी करताना दुसऱ्या समीकरणातल्या फक्त पहिल्या पदाचं चिन्ह बदलायची, बाकीची तशीच खाली उतरवायची, आणि उत्तर चुकलं की मला गणित जमतच नाही म्हणून रडायची. पहिल्या सरांनी त्यावर लाल पेनानं बरोबर उत्तर लिहिलं आणि पुढचं गणित घेतलं. दुसऱ्या ताईंनी पेन खालीच ठेवला, म्हणाल्या हे तू कसं आणलंस ते मला बोलून दाखव. ती बोलत गेली आणि तिसऱ्या ओळीवर स्वतःच अडखळली. ताईंनी तिला आख्ख्या दुसऱ्या समीकरणाला कंस घालायला लावला, कंसाबाहेर वजा, आणि मग एकेक पद सोडवायला लावलं. वीस मिनिटं त्या एकाच गणितावर गेली. मी स्वयंपाकघरातनं ऐकत होते आणि तिथंच ठरवलं की ह्याच.

गाण्याच्या शास्त्राला पण हीच परीक्षा लागू पडते. झपताल या दहा मात्रांच्या तालाची दुगुन, म्हणजे तोच ठेका दुप्पट वेगात, लिहायला द्या आणि शिक्षक काय करतात बघा. ठेका आहे धी ना | धी धी ना | ती ना | धी धी ना. दुगुन केली की होतं धीना धीधी | नाती नाधी धीना | धीना धीधी | नाती नाधी धीना. पोरं इथं हमखास गडबडतात, कारण त्यांना वाटतं दुसरा विभाग धी नेच सुरू झाला पाहिजे, "नाती" दिसलं की खोडून टाकतात. आमचीनं तेच केलं होतं. मॅडमनी वही बाजूला सारली, हातानं दहा मात्रा धरायला लावल्या आणि तोंडानं बोलायला लावलं, एकदा ठाय म्हणजे मूळ वेगात, एकदा दुगुन. टाळी बरोबर जागेवर पडत गेली तेव्हा तिला कळलं की विभाग मात्रांचे असतात, बोल त्यात जसे येतील तसे येतात. नंतर तिनं जे लिहिलं ते आजतागायत चुकलं नाही.

फीचं महिन्याच्या महिन्याला ठरवा. वर्षाची एकदम भरू नका, कितीही सवलत देत असले तरी. तास किती मिनिटांचा, बुडाला तर भरून देणार का, एका वेळी किती पोरं, हे सगळं पहिल्याच दिवशी बोलून घ्या, लाजू नका. पावसाळ्याचंही बोला. २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी शिरलं तेव्हा नदीकाठच्या भागातलं सगळं बंद होतं, अशा वेळी फोनवर किंवा ऑनलाईन घेणार का ते ठरलेलं बरं. येण्याजाण्याचा हिशोब पण धरा. विश्रामबागहून मिरजेला सिटी बस किंवा वडाप (शेअर गाडी) आहे, पण संध्याकाळी साडेसातनंतर मुलीला एकटीला पाठवायचं नाही असं आमचं आहे, म्हणून आम्ही शास्त्राचा तास रविवारी सकाळी घेतला. पोरगी असो की पोरगा, पहिले तीन-चार तास स्वतः जाऊन बसा, शिकवायची खोली उघडी आणि घरात येणंजाणं असलेली असावी, आणि यावर कुणाला वाईट वाटलं तर वाटू दे.

दहावीला शास्त्रीय गायन-वादनाच्या परीक्षांचे सवलतीचे गुण मिळतात, प्रस्ताव शाळेमार्फत जातो, तर किती परीक्षा लागतात आणि कागद कधी द्यायचे ते नववीतच शाळेत विचारून घ्या. आणि प्रमाणपत्रावरचं नाव शाळेच्या दाखल्याप्रमाणंच आहे ना हे परीक्षेचा फॉर्म भरतानाच बघा.

गांधर्व मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा दोन वेळा असतात. दहावीच्या वर्षी एप्रिलची धरा, बोर्ड मार्चमध्ये संपलेलं असतं आणि पोरं मोकळी असतात, फक्त सवलतीच्या गुणांसाठी लागणाऱ्या परीक्षा त्याआधीच झालेल्या असू द्या. शास्त्राची शिकवणी मात्र त्याआधी जून-जुलैलाच सुरू करा, आठवड्याला एक तास पुरतो, बोर्डाच्या आधीचे दोन महिने ती बंद ठेवली तरी चालते. आम्ही मॅडमशी तसंच ठरवलंय.